एसीत दरवर्षी गॅस का भरावा लागतो? गळती, व्हॅक्यूम, वजन आणि सुरक्षितता

चाफेकळी (डोंबिवली)

नमस्कार मंडळी,

आईबाबांच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे, आर-३२ गॅसचा. बसवून चार वर्षं झाली. पहिलं वर्ष सोडलं तर दर एप्रिलला तेच. गारवा कमी होतो, इनडोअरमधून भिंतीवर पाणी ठिबकायला लागतं. मेकॅनिक येतो, एसी बंद असतानाच आउटडोअरला पाइप लावून मीटर दाखवतो, "गॅस कमी झालाय" म्हणतो आणि भरून जातो. बिलावर फक्त "गॅस चार्जिंग" एवढंच. यंदा त्याचं म्हणणं असं की भरून देतो, पण कॉम्प्रेसर आता फार दिवस काढणार नाही.

बाबांना दमा आहे आणि मे महिन्यात त्यांना एसीशिवाय झोप लागत नाही, म्हणून नीट समजून घ्यायचं आहे. गॅस वापरून संपतो का? मीटरवर काय बघायचं? आउटडोअरवर ज्वाळेचं चिन्ह असलेला स्टिकर आहे, म्हणजे हा गॅस पेट घेतो का? आणि काम चालू असताना बाबांना त्या खोलीत बसू द्यावं का?

सोलापुरी_चादर

आमच्याकडेही हेच चालतं. दरवर्षी सर्व्हिसिंगच्या खर्चात गॅसचे पैसे धरूनच चालतो. सगळीकडे असंच असतं असं वाटायचं. वाचतोय.

फ्लेअरनट (पिंपरी)

चाफेकळीताई, मी याच धंद्यातला. आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून बाहेर पडलो, तेव्हापासून हेच काम करतो. सविस्तर लिहितो, कारण या एका गोष्टीवर लोकांचे फार पैसे जातात.

गॅस संपत नाही. गाडीत पेट्रोल जळतं तसा एसीत गॅस जळत नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून आत-बाहेर फिरत राहतो. आत उष्णता घेतो, बाहेर टाकतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, दुसरं कारण नाही. दरवर्षी कमी होत असेल तर गळती दरवर्षी तिथेच आहे आणि ती कोणी शोधलेलीच नाही.

आता तुमच्या मीटरची गोष्ट. एसी बंद असताना गेज लावून "बघा, किती आहे" म्हणणं याला अर्थच नाही. बंद एसीत जोपर्यंत थोडासा तरी गॅस द्रवरूपात शिल्लक आहे, तोपर्यंत दाब फक्त बाहेरच्या तापमानावर ठरतो. ३५ अंशांना आर-३२ चा दाब साधारण ३०० पीएसआय येणार, मग आत आठशे ग्रॅम असो की चारशे. काटा तोच दिसेल. चालू असताना जाड नळीवरचा दाब उपयोगाचा असतो. जुन्या एसीतल्या आर-२२ ला तो साठ ते पंचाहत्तरच्या आसपास येतो, आर-३२ आणि आर-४१०ए ला एकशेपंधरा ते एकशेचाळीस. पण तुमचा इन्व्हर्टर आहे, म्हणजे कॉम्प्रेसर स्वतःच वेग कमीजास्त करतो आणि त्याबरोबर दाबही हलतो, ॲम्पिअरही हलतात. १६ वर लावून टर्बो करायचा, वीस मिनिटं चालू द्यायचा आणि मगच आकडे घ्यायचे. इतकं करूनही नुसत्या दाबावरून गॅस "बरोबर" भरता येत नाही. तो वजनावरच भरावा लागतो, त्याबद्दल खाली लिहितो.

गॅस कमी आहे का, याचा अंदाज गेज न लावताही येतो. आउटडोअरच्या बाजूला दोन तांब्याच्या नळ्या असतात, एक बारीक आणि एक जाड. आपल्याकडच्या बहुतेक स्प्लिटमध्ये कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे गॅसचा दाब उतरवून तो गार करणारा भाग, आउटडोअरमध्येच असतो, त्यामुळे सगळं ठीक असेल तर अर्ध्या तासात दोन्ही नळ्या गार लागतात आणि सांध्यावर दव जमतं. गॅस कमी असेल तर बारीक नळीच्या नटवर पांढरं बर्फ दिसतं आणि जाड नळी कोमट, कोरडी. आत जाळी काढून बघितलं तर कॉइलच्या सुरुवातीच्या दोन-तीन नळ्यांवरच बर्फ, बाकी कॉइल सुकी. हेच बर्फ वितळून पाणी ट्रेमध्ये न पडता भिंतीवर येतं. तुमचं ठिबकणं बहुधा त्यातलंच.

पण बर्फ म्हणजे गॅसच कमी असं नाही, हेही सांगतो. फिल्टर किंवा कॉइल धुळीने बसली असेल, ब्लोअरच्या पात्यांवर थर साचला असेल, तर हवा कमी ओढली जाते आणि अख्ख्या कॉइलवर सारखं बर्फ धरतं, जाड नळीसुद्धा गोठते. तिथे गॅस भरला तर उलट कॉम्प्रेसरवर ताण येतो. म्हणून आधी जेट सर्व्हिस, म्हणजे दाबाच्या पाण्याने धुणं, मग गेज.

वऱ्हाडी_माणूस (नागपूर)

उत्तम माहिती. एक शंका. आमच्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी प्रत्येक घरचा एसी ढेपाळतो. मेकॅनिक एकच सांगतात, गॅस कमी आहे. रात्री तोच एसी गारेगार. मग गॅस रात्री परत येतो का?

फ्लेअरनट

भाऊ, गॅस पुरेसा असल्याची ही खूणच आहे. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजतात. ४५-४६ ला ती कमीच भरणार. त्यात आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर, मागे अर्धा फूट जागा, कंडेन्सरवर, म्हणजे आउटडोअरच्या कॉइलवर, कबुतरांची पिसं आणि कापसाचे तंतू. गरम हवा बाहेर पडायला वाटच नाही. कंडेन्सर धुवा, समोरची अडचण काढा, वर सावलीचा पत्रा घाला, पण पंख्यातून हवा मोकळी जाईल असा.

इनडोअरच्या तोंडाची हवा आणि खोलीतून आत ओढली जाणारी हवा यांत आठ ते बारा अंशांचा फरक असेल, तर गॅसच्या वाटेला जाऊ नका. साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो.

रसायनशाळा

ज्वाळेच्या स्टिकरबद्दल मी लिहिते, हा माझा विषय.

आर-३२ पेट घेऊ शकतो. प्रमाणीकरणात तो ए२एल गटात येतो. म्हणजे विषारीपणा कमी, ज्वलनशीलता सौम्य, ज्योत हळू पसरते. हवेत आकारमानाने साधारण १४ टक्के साठला तरच तो पेटतो, म्हणजे दर घनमीटरला सुमारे ३०० ग्रॅम. दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली ३० घनमीटरची असते. तुमच्या एसीतला सगळा, समजा ८०० ग्रॅम, गॅस त्या खोलीत एकसारखा पसरला तर दर घनमीटरला २७ ग्रॅम होतो. म्हणून रोजच्या वापरात घाबरायचं कारण नाही. फक्त हा गॅस हवेपेक्षा जड आहे, खाली बसतो. बंद बाल्कनीच्या कोपऱ्यात, पलंगाखाली, डक्टच्या तळाशी तो साठू शकतो, आणि दुरुस्ती करणारा माणूस नेमका तिथेच नळ्या जोडायची ज्योतीची टॉर्च पेटवतो.

आर-२९० वेगळा. तो म्हणजे शुद्ध प्रोपेन, ए३ गटातला, दोन टक्क्यांच्या थोडं वर गेला की पेटतो. त्यासाठी मुद्दाम बनवलेल्या एसीत तो अगदी कमी भरतात आणि खोलीच्या आकारानुसार मर्यादा असते. काही ठिकाणी जुन्या आर-२२ च्या एसीत "स्वस्तातला गॅस" म्हणून स्वयंपाकाचा एलपीजी भरतात. त्या एसीतले रिले, कॅपेसिटर, वायरिंग यांपैकी काहीच ज्वलनशील गॅस धरून बनवलेलं नसतं. असं कोणी सुचवलं तर दारातूनच परत पाठवा.

आगीपेक्षा रोजचे धोके दोन आहेत. पहिला गारठ्याचा. आर-३२ वातावरणाच्या दाबाला उणे ५२ अंशांच्या जवळ उकळतो, आर-२२ उणे ४१ ला. नट सैल करताना द्रव गॅस बोटांवर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं. हातमोजे आणि चष्मा नसलेल्या माणसाला चार्जिंग लाइन काढू देऊ नका.

दुसरा धोका गॅस भरलेल्या नळीला ज्योत लावण्याचा. आर-२२ मध्ये क्लोरीन आहे. ज्योतीत तो फुटला की हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन फ्लोराइड आणि थोडा फॉस्जीनही तयार होतो. आर-३२ आणि आर-४१०ए मध्ये क्लोरीन नाही, पण हायड्रोजन फ्लोराइड होतोच. दमा असलेल्या माणसासाठी हे फार वाईट. चाफेकळी, ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने नळी जोडणं, असेल तर बाबांना दुसऱ्या खोलीत नव्हे, शेजारच्या घरी बसवा. खिडक्या सताड उघड्या आणि पंखा सुरू.

पाना_पक्कड

मी घरातली बरीच दुरुस्ती स्वतः करतो. ऑनलाइन आर-३२ चा छोटा कॅन आणि चार्जिंग पाइप मिळतो, व्हिडिओही आहेत. पंधरा मिनिटांचं काम दिसतं. टॉप-अप घरी करायला हरकत काय?

फ्लेअरनट

दादा, तुमच्या हाताबद्दल शंका नाही, पण हे करू नका. कारणं सांगतो.

टॉप-अप म्हणजे गळक्या नळीत परत गॅस. आत किती शिल्लक आहे ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून किती घालायचा तेही माहीत नाही. जास्त झाला तर द्रव गॅस कॉम्प्रेसरमध्ये परत जातो आणि आतले भाग तुटतात. आर-४१०ए असेल तर तो दोन गॅसचं निम्मं-निम्मं मिश्रण आहे, आर-३२ आणि आर-१२५ चं, आणि तो सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यावा लागतो. पाइपमधली हवा न काढता भरलं तर ती हवा आणि तिच्यातली वाफ आत जाते. आर-३२ च्या कॉम्प्रेसरमधलं तेल ओल धरून ठेवतं, पुढे आम्ल होतं आणि मोटरची गुंडाळी खातं.

जिवावर बेतणारी गोष्ट वेगळी आहे, पंप डाऊनची. एसी काढून दुसरीकडे नेताना सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतात, त्याला पंप डाऊन म्हणतात. बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा, एसी कूलिंगवर चालू ठेवायचा, जाड नळीवर लावलेला गेज शून्याजवळ आला की जाड व्हॉल्व्ह बंद आणि त्याच क्षणी एसी बंद. नट त्यानंतर सोडायचा. घाईत माणूस कॉम्प्रेसर चालू असतानाच नट सैल करतो, किंवा नळी कुठेतरी फुटलेली असताना पंप डाऊन करत राहतो. मग कॉम्प्रेसर गॅसऐवजी हवा ओढतो. हवा, तेलाची वाफ आणि प्रचंड दाब एकत्र आले की कॉम्प्रेसरचा स्फोट होतो. डिझेल इंजिनात जसं ठिणगीशिवाय पेटतं, तसंच आत होतं. आणि माणूस तेव्हा आउटडोअरला चिकटून, छज्जावर, बहुतेक वेळा बेल्टशिवाय उभा असतो. गळती झालेल्या यंत्राचं पंप डाऊन करायचंच नाही, असं माझ्या हाताखालच्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो.

वीजही आहेच. कॅपेसिटर बंद केल्यावरही भरलेला राहतो. इन्व्हर्टरच्या बोर्डावर तीनशे व्होल्टच्या वर डीसी असतो, मेन स्विच काढल्यावर काही मिनिटं थांबून मीटरने तपासल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

फिल्टर धुवा, ड्रेन पाइप साफ करा, तापमान मोजा. इतकं घरी जरूर करा, त्यानेच निम्म्या तक्रारी मिटतात.

पाना_पक्कड

पंप डाऊनचं हे ठाऊक नव्हतं. कॅन परत पाठवतो.

रसायनशाळा

कॅनबद्दल आणखी एक. २०११ मध्ये जहाजांतून माल नेणाऱ्या रेफ्रिजरेटेड कंटेनरचे कॉम्प्रेसर फुटून माणसं दगावली होती. शोध घेतला तेव्हा आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड, निघालं. ते ॲल्युमिनियमशी संयोग पावून असा पदार्थ बनवतं जो हवा लागताच पेटतो. हे कंटेनर व्हिएतनाममध्ये सर्व्हिस झालेले होते. घरगुती एसीतही ॲल्युमिनियमचे भाग असतात. सीलबंद सिलिंडर, बिल आणि ओळखीचा विक्रेता यांचा आग्रह का धरायचा, तो यासाठी.

खाडीकाठ (ठाणे)

आमच्या सोसायटीत मागून नाला जातो. तीन मजल्यांवर इनडोअरच्या कॉइल दोन-अडीच वर्षांत गळल्या. तांबं पूर्ण काळं पडलेलं. याचा नाल्याशी संबंध असू शकतो?

फ्लेअरनट

नक्की असतो. नाल्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यासारख्या वासाचा, तांब्याला काळं करतो आणि हळूहळू खातो. बाहेर समुद्राचा खारा वारा. रत्नागिरी, मालवण, गोवा इथे कंडेन्सरच्या पत्र्या हाताने चुरतात. अशी कॉइल दहा ठिकाणी बारीक भोकांनी गळते. एक बुजवली की शेजारची सुटते, तिथे कॉइल बदलणंच शहाणपणाचं. कोटिंग केलेली कॉइल मिळाली तर घ्या आणि खोलीची नाल्याकडची खिडकी बंद ठेवा.

जर्सीकर

इथे अमेरिकेत पर्यावरण खात्याचं कलम ६०८ चं प्रमाणपत्र असल्याशिवाय असा गॅस विकतसुद्धा मिळत नाही, आणि मुद्दाम हवेत सोडला तर दंड होतो. माझा घरचा एसी बिघडला तेव्हा माणसाने पहिल्यांदा शिल्लक गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये ओढला, तो मोजला आणि मगच बाकीचं काम. तिकडे असं होतं का?

फ्लेअरनट

व्हायला हवं, पण फार थोडे करतात. यंत्र महाग आणि गिऱ्हाईक घाईत. सर्रास नट सैल करून फुस्स करतात. आर-३२ चा हवामानावरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट, आर-२२ चा १८१० पट आणि आर-४१०ए चा २०८८ पट धरतात. म्हणजे ८०० ग्रॅम आर-४१०ए सोडला की दीड टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. भारताने २०२१ मध्ये माँट्रियल करारातली, असे गॅस कमी करण्याची किगाली दुरुस्ती मान्य केली, तेव्हा हे गॅस पुढे कमी होत जाणार. आर-२२ तर ओझोनचं नुकसान करतो म्हणून माँट्रियल करारानुसार २०३० पर्यंत जवळजवळ बंद, त्यापुढे दहा वर्षं दुरुस्तीपुरता थोडासा.

ज्यांच्याकडे जुना आर-२२ चा एसी आहे त्यांनी त्यात आर-३२ भरून घेऊ नये. दाब दीडपटीहून जास्त असतो, तेल वेगळं असतं. चालतोय तोवर चालवा, कॉइल गेली की नवा घ्या.

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्लेअरनटदादा, दुसरा मेकॅनिक बोलावतेय. त्याच्याकडून नेमकं काय करून घेऊ? क्रमाने सांगाल का?

फ्लेअरनट

सांगतो. फोनवरच विचारा, नायट्रोजन, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आहे का. तिन्हीला हो आलं तरच बोलवा.

आल्यावर आधी नळ्यांचे चारही नट साबणाच्या दाट फेसाने तपासायचे, दोन आत आणि दोन बाहेर. घरच्या एसीत माझ्या अनुभवाने निम्म्याहून जास्त गळती तिथेच सापडते. तेलकट डाग दिसला की समजा जागा मिळाली. मग शिल्लक गॅस काढून घेऊन कोरड्या नायट्रोजनचा दाब द्यायचा. भरलेल्या नायट्रोजन सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो, त्यामुळे रेग्युलेटरशिवाय तो लावणं म्हणजे आत्महत्या. दाब आउटडोअरच्या लेबलवरच्या मर्यादेच्या आत ठेवायचा आणि निदान अर्धा तास काटा हलता कामा नये. नायट्रोजन नाही म्हणून कोणी ऑक्सिजन वापरत असेल तर त्याला तिथेच थांबवा. तेल आणि ऑक्सिजन दाबाखाली भेटले की स्फोट होतो.

फ्लेअर, म्हणजे नटाखाली बसणारं नळीचं पसरवलेलं तोंड, खराब असेल तर नळीचं तोंड कापून नवीन काढायचं, आणि नट टॉर्क पान्याने आवळायचा. पाव इंची नळीला १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला ४९ ते ६१. जोर लावून आवळला की तांबं चिरतं आणि पुढच्या उन्हाळ्यात परत गळतं.

त्यानंतर व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणं. खरा दोन-टप्पी पंप हवा, काही जण फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर पंप म्हणून वापरतात, तो पुरेसा खोल जात नाही. व्हॅक्यूम किती खोल गेला ते दाखवणाऱ्या मायक्रॉन गेजवर ५०० च्या खाली जाईपर्यंत ओढायचं, पंप बंद करून दहा मिनिटं बघायचं. आकडा भराभर चढला तर गळती आहे. थोडा चढून ५०० च्या वर थांबला तर आत ओल आहे, परत ओढा. गॅस फुकट सोडून "हवा काढली" म्हणणारा माणूस नको. आर-३२ असेल तर पंपाचा स्विच दूर, मोकळ्या हवेत.

शेवटी सिलिंडर काट्यावर ठेवून लेबलवर लिहिलेलं वजन भरायचं. नळी लेबलवर दिलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तरच प्रत्येक मीटरला वाढवायचं, किती ते त्याच लेबलवर किंवा पुस्तिकेत असतं.

चाफेकळी

परवा काम झालं, म्हणून कळवतेय. पहिल्यांदा फिल्टर काढून फेस लावला, तेव्हा आत काहीच नाही. आउटडोअरच्या जाड नळीच्या नटवरून मात्र मिनिटभरात अगदी बारीक बुडबुडे उठले, मोहरीएवढे, एकामागून एक. नट काढला तर फ्लेअरच्या कडेला केसाएवढी चीर, आणि नटवर काळसर तेल. चार वर्षं गॅस तिथून जात होता. नायट्रोजन दिल्यावर काटा पाऊण तास जागचा हलला नाही. व्हॅक्यूम ३८० मायक्रॉनपर्यंत गेला, थांबवल्यावर ४६० वर येऊन टिकला. लेबलवर ८२० ग्रॅम होते, काट्यावर तेवढेच भरले. आता हवेतला फरक ११ अंश येतोय, भिंत कोरडी आहे, दोन्ही नळ्यांवर दव. कॉम्प्रेसर व्यवस्थित आहे असं त्याने ॲम्पिअर बघून सांगितलं. मेकॅनिक बेल्ट बांधूनच छज्जावर उतरला, तो बेल्ट त्याने खोलीतल्या ग्रिलला नव्हे, दाराच्या चौकटीपलीकडच्या खांबाला अडकवला होता. बाबा दिवसभर शेजारी होते.

पुढच्या वर्षी परत कमी झाला तर काय धरायचं?

फ्लेअरनट

ग्रिल कधीच भरवशाची नसते, तो माणूस जपून ठेवा. बिलावर तारीख, गॅसचं नाव, भरलेलं वजन आणि गळतीची जागा लिहून सही घ्या आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागद वर्षभरात उडतो. पुढच्या एप्रिलमध्ये फरक आठ अंशांच्या खाली गेला तर गॅस भरायच्या आधी त्याच नटला फेस लावायचा, आणि तो कोरडा असेल तर मग कॉइल.

सोलापुरी_चादर

आज आमच्याकडेही फेस लावून बघितला. आतल्या बारीक नळीच्या नटवर बुडबुडे येतायत. पुण्याहून कोणी सोलापूरला येतं का, की इथलाच मेकॅनिक बघू?

फ्लेअरनट

तिथलाच बघा, प्रवासखर्च कशाला. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन शिकवणाऱ्या सरांना विचारा, त्यांना कोणाकडे नायट्रोजन आणि पंप आहे ते बरोबर माहीत असतं.